टपावरचा गारवा

2016 च्या एप्रिलमध्ये चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीतून निघालेली एक नवी कोरी लोकल मध्य रेल्वेच्या कुर्ला कारशेडमध्ये येऊन उभी राहिली. देशातली ही पहिली वातानुकूलित उपनगरी गाडी. किंमत 54 कोटी रुपये, बारा डबे, आपोआप मिटणारे दरवाजे, बसायला 1,028 जागा आणि उभ्यांसकट 5,964 माणसांची सोय. विद्युत यंत्रणा भेलची. कौतुक झालं, फोटो छापून आले, आणि मग मापं घेतल्यावर अडचण पुढे आली. गाडी नेहमीच्या लोकलपेक्षा उंच होती आणि कुर्ल्यापासून मुंबईकडचे जुने पूल ठेंगणे होते. गार हवेची यंत्रं बसवलेली होती ती टपावर. ज्या मध्य रेल्वेसाठी गाडी आली होती तिच्या मुख्य मार्गावर ती चालवणं अवघड होऊन बसलं. अखेर ती पश्चिम रेल्वेकडे गेली आणि 25 डिसेंबर 2017 रोजी बोरिवलीहून चर्चगेटला तिची पहिली फेरी झाली.

कल्याणच्या पुढचा प्रवासी ही बातमी वाचून गप्प बसला असणार. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्याला लोकलचा टप माहीत होता तो वेगळ्याच कारणानं. डब्यात शिरायला जागा नसली की पोरं टपावर चढायची, आणि वरच्या तारेतली वीज दर वर्षी त्यातल्या काहींचा जीव घ्यायची. 1925 साली मुंबईत विजेची गाडी धावू लागली तेव्हापासून तारेत 1,500 व्होल्टचा डीसी प्रवाह होता. जून 2015 मध्ये मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचं 25,000 व्होल्टच्या एसी प्रवाहावर जाणं पूर्ण झालं. या प्रवाहाची तार हातानं धरावीही लागत नाही, नुसतं जवळ जाणं पुरतं. माणसांना टपावरून खाली उतरवायचे प्रयत्न चालू असतानाच त्या टपावर यंत्रं चढली. पुढच्या दहा वर्षांत या गावांच्या प्रवासात जे काही घडलं, त्याच्या मुळाशी हीच यंत्रं आणि त्यांना चालू-बंद करणारा एक छोटा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आहे.

आगगाडीतल्या गारव्याची सुरुवात मात्र डब्याच्या पोटाखाली झाली. अमेरिकेत बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेनं 1931 मध्ये पूर्ण वातानुकूलित गाडी चालवली. आपल्याकडे मुंबईहून पेशावरला जाणाऱ्या फ्रंटियर मेलला 1934 साली गार हवेचा डबा लागला. डब्याच्या तळाशी बंद पेट्यांतून बर्फाच्या लाद्या भरायच्या, बॅटरीवरच्या पंख्यानं त्यांच्यावरून हवा आत ढकलायची, आणि वाटेतल्या ठरावीक स्टेशनांवर वितळलेल्या लाद्यांच्या जागी नव्या टाकायच्या, अशी ती व्यवस्था. नियंत्रण म्हणजे पंख्याचं बटण आणि लाद्या भरणाऱ्या हमालाचा वेग. आजही एसीची ताकद आपण 'टना'त मोजतो ती बर्फाच्याच हिशोबानं. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढी उष्णता काढून घेण्याची क्षमता म्हणजे एक टन, विजेच्या भाषेत साधारण साडेतीन किलोवॉट.

पुढे बर्फ गेला आणि डब्याखाली कॉम्प्रेसर आला. कित्येक दशकं आपल्या एसी डब्यांचा संच असाच गाडीच्या पोटाखाली टांगलेला असायचा. चाकाच्या दांड्याला पट्ट्यानं जोडलेलं जनित्र वीज करायचं, ती 110 व्होल्टच्या बॅटऱ्यांत साठायची, आणि तिच्यावर डीसी मोटर कॉम्प्रेसर फिरवायची. त्यात भरलेला गॅस आर-12. संच जड, नळ्यांचे सांधे पुष्कळ, आणि रुळांवरची सगळी धूळ आणि घाण थेट कंडेन्सरच्या जाळीत. मोटरीचे कार्बन ब्रश झिजायचे, सांध्यांतून गॅस गळायचा. एसी मेकॅनिकनं फलाटाच्या आणि डब्याच्या मधल्या फटीत वाकून काम करायचं. या गॅसनं ओझोनचा थर विरळ होतो हे ध्यानात आल्यावर 1987 साली माँट्रियल करार झाला. भारत त्यात 1992 मध्ये सामील झाला, आणि आर-12 चे दिवस भरले.

याच सुमारास, नव्वदच्या दशकात, रेल्वेनं संच खालून वर नेला. नाव 'रूफ माउंटेड पॅकेज युनिट', कारखान्यात आणि यार्डात सगळे म्हणतात 'आरएमपीयू'. डब्याच्या दोन्ही टोकांना टपात खाच करून एकेक पेटी बसवायची. प्रत्येक पेटीत कायमचे सीलबंद दोन कॉम्प्रेसर, दोन कंडेन्सर पंखे, डब्यात हवा ढकलणारा एक ब्लोअर आणि थंडीसाठी विजेचा हीटर. गॅस कारखान्यातच भरून यायचा, पुढे नळ्या जोडायची भानगडच नाही. पेटी बिघडली तर क्रेननं उचलायची आणि दुसरी ठेवायची. बॅटरीच्या डीसीपासून तीन फेजचा एसी प्रवाह करणारे 25 केव्हीएचे इन्व्हर्टर त्यासाठी आले. सपाट छपराच्या दुकानांवर आणि मॉलवर जी पॅकेज युनिटं दिसतात त्यांचीच ही बहीण, पण हिला ताशी शंभर किलोमीटरच्या वेगात हादरे खात आणि राजस्थानच्या उन्हात तापत चालायचं होतं. म्हणून तिच्या नियंत्रणाचा इतिहास मला तिच्या कॉम्प्रेसरच्या इतिहासापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

सुरुवातीच्या डब्यांतला थर्मोस्टॅट पाऱ्याचा होता. काचेच्या नळीत पारा, आणि ठरलेल्या अंशावर नळीत शिरलेली बारीक तार. डबा तापला की पारा चढून तारेला टेकायचा, मंडल पूर्ण व्हायचं, रिले 'टक्' करून बसायचा आणि कॉम्प्रेसर सुरू. गारव्यासाठी 23 आणि 25 अंशांच्या, उष्णतेसाठी 19 आणि 21 अंशांच्या नळ्या असायच्या. अटेंडंटनं पट्टीवरचा खटका फिरवून त्यांतली एक निवडायची. यापलीकडे राखणदारी करणारी साधी उपकरणं होती. गॅसचा दाब फार चढला की कॉम्प्रेसर बंद करणारा एचपी कटआउट, फार उतरला की एलपी. हीटरसाठी अतिउष्णतेचा कटआउट. आणि माझ्या मते या सगळ्यांत देखणा तो व्हेन रिले: ब्लोअरच्या झोतात लटकणारी पत्र्याची एक हलकी पाकळी. झोत असला तर ती उचललेली, नसला तर पडलेली. पाकळी पडली की कॉम्प्रेसरही चालू नये आणि हीटरही, कारण हवेचा झोत नसताना कॉइलवर बर्फ चढेल किंवा हीटर लाल होऊन आग लागेल. तिला बुद्धी नव्हती, पण रात्री झोपलेल्या चौसष्ट माणसांचा जीव तिनं सांभाळला.

मायक्रोप्रोसेसर आल्यावर पारा आणि पाकळी यांची कामं एका पेटीत गेली. आता डब्यातून परत येणाऱ्या हवेचं तापमान, आत जाणाऱ्या हवेचं आणि बाहेरचं अशी तिन्ही एकाच वेळी वाचली जातात. चार कॉम्प्रेसरांपैकी एक लावायचा की दोन की चारही, हे नियंत्रक ठरवतो. चारही एकदम सुरू केले तर सुरुवातीचा प्रवाह इन्व्हर्टरला झेपत नाही, म्हणून एकेकाच्या मध्ये काही सेकंदांचं अंतर ठेवतो. नुकताच थांबलेला कॉम्प्रेसर लगेच सुरू केला तर तो भरल्या दाबाविरुद्ध फिरू पाहतो आणि जळतो, म्हणून त्याला सक्तीची विश्रांती देतो. काय, कधी आणि कोणत्या दाबाला बिघडलं याची नोंदही ठेवतो. पूर्वी यार्डात गाडी आल्यावर मेकॅनिक अटेंडंटला विचारायचा, 'काय झालं रे, कुठं ट्रिप झालं?' आणि उत्तर मिळायचं, 'भुसावळच्या पुढं कुठंतरी.' आता यंत्र वेळेसकट सांगतं. ज्यांनी भर उन्हात टपावर चढून अंदाजानं दोष शोधले आहेत, त्यांना विचारा याची किंमत.

हे सगळं जमलं ते लांब पल्ल्याच्या गाडीसाठी. एलएचबी प्रकारच्या थ्री-टियर डब्यात 72 बर्थ असतात आणि टपावर सात-सात टनांच्या दोन पेट्या. दारं तासातासानं उघडतात, माणसं बहुधा आडवी पडलेली. लोकलचा डबा ही निराळीच चीज. 5,964 माणसं बारा डब्यांत म्हणजे डब्याला सरासरी पाचशे. उभा असलेला माणूस, काही न करता, सुमारे शंभर वॉट उष्णता बाहेर टाकतो. पाचशे माणसं म्हणजे पन्नास किलोवॉट, म्हणजे चौदा टन. थ्री-टियरच्या दोन्ही पेट्यांची सगळी ताकद लोकलमध्ये नुसत्या माणसांच्या अंगच्या उष्णतेत संपेल. ऊन, काचा आणि दिवे यांचा हिशोब अजून लावलेलाच नाही. त्यातही ही उष्णता निम्मी घामाच्या वाफेच्या रूपात असते. तापमान मोजणाऱ्याला ती दिसत नाही, पण अंगाला जाणवते. आणि दर तीन-चार मिनिटांनी एका बाजूचे चार दरवाजे उघडणार, जुलैतल्या उल्हास खोऱ्याची ओली हवा लोंढ्यानं आत येणार. तेवढ्यात नियंत्रकानं कॉम्प्रेसर वाढवला तर दरवाजे मिटल्यावर दारापाशी गर्दीत घाम आणि आत खिडकीपाशी थंडीनं कुडकुडणं. न वाढवला तर ठाण्यापर्यंत डबा गुदमरतो.

शिवाय डबा बंद. साध्या लोकलमध्ये एसी नसला तरी दारं-खिडक्या सताड उघड्या असतात. 2007 पासून आलेल्या सीमेन्सच्या जांभळ्या-पांढऱ्या गाड्यांनी टपावरून जोरानं ताजी हवा आत सोडायची सोयही केली, आणि गर्दीच्या वेळी तिचा फरक ज्यांनी अनुभवला ते अजून सांगतात. एसी लोकलमध्ये ताजी हवा किती घ्यायची आणि आतलीच किती फिरवायची, हे यंत्रानं ठरवायचं. ताजी जास्त घेतली तर गारवा पुरत नाही, कमी घेतली तर डोकं जड होतं. वरच्या तारेत ठरावीक अंतरावर विजेशिवायचा तुकडा येतो, तिथं कॉम्प्रेसर थांबणार आणि पुन्हा एकेक करून सुरू होणार. वीज पूर्णच गेली तर निदान पंखे तरी बॅटरीवर फिरले पाहिजेत. इतक्या अटी सांभाळून गाडी रोज धावते, ही आपल्या अभियंत्यांची कमाई आहे आणि ती मोकळ्या मनानं मान्य केली पाहिजे.

नंतरच्या गाड्यांची उंची कमी केली गेली आणि मध्य रेल्वेचा मार्ग मोकळा झाला. 30 जानेवारी 2020 रोजी ठाणे-पनवेल या ट्रान्स-हार्बर मार्गावर मध्य रेल्वेच्या पहिल्या एसी लोकलला झेंडा दाखवला गेला. दोन महिन्यांत टाळेबंदी आली. 17 डिसेंबर 2020 पासून मुख्य मार्गावर एसी फेऱ्या सुरू झाल्या. 18 फेब्रुवारी 2022 ला ठाणे-दिवा पाचव्या-सहाव्या मार्गिका खुल्या झाल्यावर त्या वाढल्या. 5 मे 2022 पासून एसीचं सुटं तिकीट जवळजवळ निम्म्यावर आलं. किमान भाडं 65 वरून 30 रुपये. गर्दी वाढली. मात्र मासिक पासाचे दर तसेच राहिले, आणि इथं ठिणगी पडली.

कारण बदलापूरचा माणूस सुटं तिकीट काढत नाही, तो पास काढतो.

या गावांचं मुंबईशी नातं कसं बनलं हे थोडक्यात पाहायला हवं. बदलापूरला रेल्वे आली 1856 मध्ये, खोपोलीकडे जाणाऱ्या फाट्याबरोबर. अंबरनाथला, जिथलं शिवमंदिर 1060 सालचं, धरमसी मोरारजीचा रसायन कारखाना, विमकोची काडेपेटी आणि ऑर्डनन्स फॅक्टरी यांनी कामगारांची वस्ती वसवली. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित उतरले, आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांनी उल्हासनगरची कोनशिला बसवली. तेव्हा काम आणि घर बरंचसं जवळजवळ होतं. पुढे मुंबईतली घरं हाताबाहेर गेली आणि माणसं रुळाच्या बाजूबाजूनं सरकत इथवर आली. 2001 मध्ये लाखाच्या आत असलेलं कुळगाव-बदलापूर 2011 मध्ये पावणेदोन लाखांवर गेलं. अंबरनाथ अडीच लाख, उल्हासनगर पाच लाख. आणि कल्याणपासून बदलापूरपर्यंतच्या चौदा किलोमीटरला मार्गिका फक्त दोन. त्यांच्यावरूनच पुण्याकडच्या मेल, मालगाड्या आणि कर्जत-खोपोलीच्या लोकल. म्हणून अंबरनाथकर सकाळी उलटे बदलापूरला जाऊन 'रिटर्न' येतात, की बसायला निदान चौथी सीट तरी मिळावी. मुंबई बदलापूरहून 68 किलोमीटर, एका बाजूनं दीड तास.

दोनच मार्गिका असल्या की नवी गाडी घालता येत नाही, असलेली बदलता येते. 19 ऑगस्ट 2022 रोजी मध्य रेल्वेनं दहा साध्या फेऱ्या एसी केल्या. एकूण 1,810 फेऱ्यांत एसी फेऱ्या 56 च्या 66 झाल्या. कागदावर एकही फेरी कमी झाली नाही. पण ज्या वेळेच्या गाडीवर एखाद्याचा दहा-पंधरा वर्षांचा ग्रुप, पाळणाघरातलं पोर घेण्याची वेळ आणि स्टेशनबाहेरची शेअर रिक्षा बांधलेली असते, ती गाडी समोर येऊन उभी राहते आणि त्याच्या सेकंडच्या पासावर तिचे दरवाजे त्याचे नसतात. मागून येणाऱ्या साध्या गाडीत दोन गाड्यांची माणसं. कळव्याला त्याच दिवशी सकाळी कारशेडमधून निघणारी एसी लोकल प्रवाशांनी रुळावर उतरून रोखली. 22 तारखेला संध्याकाळी बदलापूरचे प्रवासी स्टेशन मास्तरांच्या कार्यालयासमोर जमले आणि हटले नाहीत. 'आमची साधी गाडी परत द्या' एवढंच त्यांचं म्हणणं. 25 ऑगस्टपासून त्या दहाही फेऱ्या पुन्हा साध्या झाल्या.

त्या आठवड्यात मुंबईत अनेक जण म्हणाले की यांना चांगलं काही नको असतं. हे मला तेव्हाही अन्यायाचं वाटलं, आजही वाटतं. बदलापूरच्या फलाटावर कुणी गारव्याविरुद्ध बोललं नव्हतं. उलट ज्यांना परवडतं ते एसीच्याच दारात रांग लावतात. तक्रार अशी होती की टपावरचं यंत्र डब्यातल्या पाचशे जणांसाठी आखलेलं, आणि वेळापत्रक आखणाऱ्यानं फलाटावर राहिलेल्यांचा हिशोब धरलाच नाही. पासाचे दर साध्या पासाच्या कित्येक पट ठेवून एसी गाडी गर्दीच्या वेळेला लावली, तर ती अर्धी भरते आणि मागची फुटायला येते. हा दोष यंत्रातला नाही आणि त्याच्या नियंत्रकातलाही नाही. भाडं आणि रूळ या दोन गोष्टी आधी सुधारायला हव्या होत्या. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेला एमयूटीपी 3-ए या मुंबईच्या रेल्वे विस्ताराच्या प्रकल्पात 2019 सालीच मंजुरी मिळाली होती. ती वेळेवर झाली असती तर नव्या एसी गाड्या साध्यांच्या जोडीला आल्या असत्या, त्यांच्या जागी नव्हे.

एप्रिल 2025 मध्ये मध्य रेल्वेच्या एसी फेऱ्या 80 पर्यंत गेल्या. 9 जून 2025 च्या सकाळी मुंब्र्याच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले, काही जागीच गेले. त्याच दिवशी रेल्वेनं जाहीर केलं की यापुढे बिगर-एसी लोकललाही मिटणारे दरवाजे असतील. दरवाजे मिटले तर आत श्वास कसा घ्यायचा? उत्तर पुन्हा टपावर सापडलं: दरवाज्यांना झरोके, डब्यातून डब्यात जायची वाट, आणि टपावर बाहेरची हवा खेचून आत सोडणारी युनिटं. कॉम्प्रेसर नाही, गॅस नाही, फक्त पंखे आणि त्यांचं नियंत्रण. सेकंडच्या पासावर चालणारी ही गाडी बदलापूरच्या माणसासाठी एसी लोकलपेक्षा मोठी गोष्ट ठरू शकते.

पण तिचा नियंत्रक साध्या पंख्यांसाठी असला तरी काम अवघड आहे. बाहेरचीच हवा आत घ्यायची असल्यामुळे तापमान बघून त्याचं भागणार नाही. आत किती माणसं आहेत, हवेत कार्बन डायऑक्साइड किती चढला आहे, हे मोजून झोत वाढवावा लागेल, आणि पंखा थांबला तर मोटरमन आणि गार्ड दोघांनाही त्याच क्षणी कळावं लागेल. रिकाम्या डब्यात किंवा वजनासाठी पोती रचून घेतलेल्या चाचणीत यातलं काहीच कळत नाही. पोत्याला घाम येत नाही. ही गाडी पहिल्यांदा तपासायची ती मे महिन्यात, संध्याकाळी सहाच्या सुमाराच्या बदलापूर फास्टला, खऱ्या गर्दीत तपासावी, आणि ठाणे, डोंबिवली, कल्याण इथं डब्यातल्या हवेचे आकडे घेऊन ते प्रवासी संघटनांना दाखवावेत.